मॅगसल्फची गोणी

मोसम नदीच्या काठावरचं नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातलं, द्राक्ष, डाळिंब आणि कांद्याच्या मुलखातलं गाव. तिथल्या कृषी सेवा केंद्रात युरिया-पोटॅशच्या थप्पीशेजारी मॅग्नेशियम सल्फेटची 25 किलोची गोणी उभी असते. शिवण उसवली की आत साखरेसारखे पांढरे, चकचकीत, जरा लांबट खडे. मूठभर घेऊन चोळले तर हात कोरडाच राहतो. पण त्या गोणीत पावणेतेरा किलोच्या आसपास पाणी असतं. दुकानदाराने लबाडी केलेली नसते, निसर्गानेच ते तसं बांधून ठेवलेलं आहे. या मिठाच्या एका घटकाला पाण्याचे 7 रेणू चिकटलेले असतात आणि वजनात ते 51 टक्के भरतात. ज्यासाठी शेतकरी पैसे मोजतो ते मॅग्नेशियम अडीच किलोच्याही आत. खत नियंत्रण आदेशानुसार ते किमान साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असावं लागतं, आणि गंधक 12 टक्के.

हेच मीठ सरकारी दवाखान्यात 2 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत असतं. तिथल्या सिस्टर त्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. शहरातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ते ‘एप्सम सॉल्ट’ या नावाने, लॅव्हेंडरचा वास लावून, बादलीभर गरम पाण्यात पाय बुडवण्यासाठी विकलं जातं. गुरांच्या डॉक्टरांनी ते पिढ्यान् पिढ्या बद्धकोष्ठ झालेल्या जनावराला पाजलं आहे. रसायन एकच, पण ते मुळातून आत गेलं, पोटातून गेलं, शिरेतून गेलं की नुसतं कातडीवर राहिलं, यावर त्याचं काम ठरतं. मॅग्नेशियमच्या क्षारांविषयीचे बहुतेक गैरसमज एका वाटेचा गुण दुसऱ्या वाटेला चिकटवल्यामुळे झालेले आहेत.

सुरुवात मुळापासून. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूच्या ऐन मध्यावर मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. रिचर्ड विल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरितद्रव्याचा छडा लावला आणि 1915 चं नोबेल मिळवलं. मॅग्नेशियम कमी पडलं की वेल एक हुशारी करते: जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देते. म्हणून पिवळेपणा आधी खालच्या पानांवर दिसतो, आणि तोही विशिष्ट तऱ्हेने. शिरा हिरव्या राहतात, मधली जागा पिवळी पडते. लोहाची कमतरता असेल तर हाच नकाशा वरच्या कोवळ्या पानांवर उमटतो. शेंड्याकडचं पान पिवळं की बुडाकडचं, एवढं पाहिलं तरी चुकीची फवारणी टळू शकते.

आता एक कोडं. बागलाणची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेशियमला तोटा नाही. मग बागेत ते कमी का पडतं? उत्तर बऱ्याचदा शेजारच्या गोणीत असतं. मण्याची फुगवण झाली, पाणी उतरायला लागलं की गोडीसाठी पोटॅश सोडलं जातं, ‘झिरो झिरो पन्नास’ हे पोटॅशचं खत तर द्राक्षवाल्यांच्या तोंडीच बसलेलं. मुळाच्या दारात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची रेटारेटी असते, आणि पोटॅशियमची गर्दी झाली की मॅग्नेशियम बाहेर राहतं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमही तेच करतं. जमिनीत आहे पण पानात नाही, अशी ही स्थिती. म्हणूनच मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मातीच्या अहवालावर न थांबता देठ परीक्षण करायला सांगतं. बागलाणात पूर्वहंगामी द्राक्षं घेणारे बागायतदार तर बाकीच्या नाशिक जिल्ह्याच्या खूप आधी, ऐन पावसाळ्यात छाटणी करतात. ढगाळ हवेत वाढणाऱ्या त्या पानाला हरितद्रव्याची उधळपट्टी परवडत नाही.

फवारणीत लिटरला 3 ते 5 ग्रॅम एवढंच मीठ लागतं. ड्रिपमधून सोडताना मात्र एक पथ्य पाळावं लागतं, आणि ते न पाळल्याचा पश्चात्ताप नळ्या बदलताना होतो. मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत घट्ट कालवले की कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना धरतात आणि तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे जिप्सम. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, ड्रिपरच्या बारीक तोंडात मात्र नेमका जाऊन बसतो. म्हणून दोन टाक्या, किंवा दोन वेगळे दिवस.

कांदावाल्याचं लक्ष याच गोणीतल्या दुसऱ्या भागाकडे असतं. कांद्याचा उग्रपणा, डोळ्यांत पाणी आणणारा तो वायू, सगळी गंधकाची करणी. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना हवेत जो दर्प भरतो, त्यात रानात टाकलेल्या गंधकाचा वाटा असतो.

या मिठाचं इंग्रजी नाव लंडनच्या दक्षिणेकडच्या एप्सम गावावरून पडलं. 1618 साली उन्हाळ्यात तिथल्या हेन्री विकर नावाच्या गुराख्याला एक डबकं दिसलं. जनावरं तहानेने व्याकूळ असूनही त्या पाण्याला तोंड लावेनात, अशी कथा सांगतात. पाणी कडू होतं. माणसांनी ते पिऊन पाहिलं आणि परिणाम लवकरच कळला. पोट साफ करणारं पाणी म्हणून एप्समला लंडनच्या बड्या लोकांची रीघ लागली. 1695 मध्ये नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पाण्यातल्या क्षारावर पुस्तिका लिहिली, पुढे तो बनवण्याचं पेटंटही घेतलं. मॅग्नेशियम हे मूलद्रव्य म्हणून वेगळं काढायला हम्फ्री डेव्हीला 1808 साल उजाडलं. तोवर लोक शंभरावर वर्षं त्याचे जुलाब घेत होते.

एप्समचं डबकं दूर राहिलं, बागलाणातल्या बोअरचं पाणीही काही ठिकाणी त्याच जातीचं असतं. खडकाच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलतं. मग साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. त्याच कोष्टकात सल्फेटच्या ओळीपुढे एक बारीक टीप आहे: 200 ची मर्यादा 400 पर्यंत वाढवता येईल, पण मॅग्नेशियम 30 च्या आत असेल तरच. कोष्टक वाचणाऱ्याला ही अट विचित्र वाटते. पण सल्फेट आणि मॅग्नेशियम दोन्ही चढले की नळाला अप्रत्यक्षपणे एप्सम सॉल्टच येऊ लागतं. गावात नव्याने आलेल्या पाहुण्याला ‘पाणी बाधलं’ असं म्हणतात, तेव्हा दर वेळी जंतूच दोषी असतात असं नाही.

पोटातलं हे काम साधं आहे. मॅग्नेशियम आतड्यातून सावकाश आणि अर्धवट शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी धरून ठेवतं, मळ सैल होतो. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या चार्ल्स फिलिप्स या औषधविक्रेत्याने 1873 मध्ये मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात दुधासारखं मिसळून ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ बाजारात आणलं. ते आम्लही मारतं आणि पोटही हलकं करतं. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानातली क्रिमाफिनची बाटली हे त्याच दुधात लिक्विड पॅराफिन घातलेलं मिश्रण. जळजळीवर घेतात त्या डायजीन-जेलुसिलच्या बाटलीमागची ओळ वाचली तर तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या जोडीला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दिसेल. ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे. एकटं ॲल्युमिनियम मलावरोध करतं, एकटं मॅग्नेशियम शौचाला पळवतं. दोघं मिळून पोट ठिकाणावर ठेवतात. लग्नसराईत जेवणावळी झोडणाऱ्यांना या जुळवणीची कल्पना नसली तरी तिचा लाभ ते वर्षानुवर्षं घेत आले आहेत.

सगळ्यात मोलाचं काम मात्र सुईतून होतं.

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब 140/90 च्या वर जातो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. पूर्वी खेड्यात या झटक्यांना बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जायचा आणि आई-मूल दोन्ही हातचे जायचे. डॉक्टरही फार पुढे नव्हते. झटके आवरायला कोणी डायझेपाम देत, कोणी फेनिटॉइन. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात डॉ. प्रिचर्ड यांनी मॅग्नेशियम सल्फेटची पद्धत बसवली होती: 4 ग्रॅम शिरेतून, 10 ग्रॅम स्नायूंत. पण बाकी जगात त्यावर भरवसा कमी होता. वाद 1995 मध्ये मिटला. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,687 स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मॅगसल्फने पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामच्या तुलनेत 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी कमी केलं. 2002 च्या ‘मॅगपाय’ चाचणीत 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. झटके येण्याआधीच मीठ दिलं तर त्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे तिथे दिसलं. पेटंट नसलेलं, कवडीमोल मीठ. औषध कंपन्यांना यात कमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हा पुरावा उभा राहायला एवढा वेळ लागला असावा, असं म्हणायला जागा आहे.

अमेरिकन मात्रा इथल्या बाईला जशीच्या तशी द्यायची का, हा प्रश्न महाराष्ट्रातच उचलला गेला. डॅलसमधल्या रुग्णांच्या मानाने आपल्या गरोदर स्त्रियांचं वजन कितीतरी कमी. आणि या मिठाचं अंतर फार थोडं आहे: झटके थांबवणारी पातळी आणि श्वास थांबवणारी पातळी यांच्यात फारशी ऐसपैस जागा नाही. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत बसवून 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. कमी मात्रेच्या अशा पद्धतींवर देशात त्यानंतरही बराच अभ्यास झाला आहे.

खेड्यातल्या उपकेंद्रात याचं रूप कसं असतं? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रशिक्षित एएनएम सिस्टर झटके येणाऱ्या बाईला पहिला डोस देऊन मगच पुढच्या रुग्णालयात पाठवू शकते. तो डोस 10 ग्रॅमचा, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, खोल स्नायूत. कुपी 2 मिलिलिटरची, तिच्यात 1 ग्रॅम. म्हणजे सिस्टरला एकामागून एक 10 कुप्या फोडाव्या लागतात, आणि एका बाजूला तब्बल 10 मिलिलिटर औषध टोचावं लागतं. ते दुखतं, चांगलंच दुखतं. बाई शुद्धीवर असेल तर अंगात उष्णतेची लाट आल्यासारखं वाटेल हे तिला आधी सांगावं लागतं. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासतात: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 तरी आहेत का, आणि 4 तासांत 100 मिलिलिटर तरी लघवी झाली का. लघवीची चौकशी यासाठी की हे मीठ शरीरातून मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. पाय उडेनासा झाला की डोस थांबतो. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन तयार असतं, तोच उतारा. द्राक्षाच्या मुळाशी मॅग्नेशियमला अडवणारं कॅल्शियम इथे माणसाच्या नसांत त्याच्या विरुद्ध उभं राहतं, फक्त या वेळी त्याचं स्वागत होतं.

10 ग्रॅमच्या हिशोबाने कृषी केंद्रातल्या एका गोणीत अडीच हजार बायांचा पहिला डोस बसेल. अर्थात गोणीतलं मीठ शेतीच्या प्रतीचं. त्यात शिसं, आर्सेनिक किती चालतं याचे नियम वेगळे, आणि निर्जंतुक तर ते नसतंच. कुपीच्या लेबलावर ‘आयपी’ म्हणजे भारतीय औषधकोश ही दोन अक्षरं असतात, फरक त्या अक्षरांचा आहे. घरगुती उपाय म्हणून शेतातली गोणी पोटात किंवा टबात वापरायची नाही, ती याच कारणाने.

टबाचा विषय निघालाच आहे. एप्सम सॉल्टच्या डब्यावर लिहिलेलं असतं की गरम पाण्यात पाय बुडवले की मॅग्नेशियम कातडीतून आत जातं आणि थकवा जातो. आपली कातडी विद्युतभारित कणांना सहजी आत घेत नाही, तिचं कामच ते आहे. ज्या अभ्यासाचा हवाला वारंवार दिला जातो तो बर्मिंगहॅमचा, 19 माणसांचा, आणि तो कुठल्याही तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकात छापून आलेला नाही. दिवसभर वेलीखाली वाकून विरळणी केलेल्या बाईला गरम पाण्याने बरं वाटतं, हे खरंच आहे. पण ते श्रेय गरम पाण्याचं. कातडीवर मॅगसल्फचा खराखुरा उपयोग रुग्णालयात दिसतो, सलाईनची सुई लावलेल्या जागी हात सुजला की मॅगसल्फ आणि ग्लिसरीनची पट्टी ठेवतात. दाट मीठ सुजेतलं पाणी ओढून घेईल, हा त्यामागचा जुना तर्क.

कातडीवरच राहणारं आणखी एक मॅग्नेशियम घरोघरी असतं. शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क, हे मॅग्नेशियमचं सिलिकेट. ते पाण्यात विरघळत नाही, घाम टिपतं, बोटाला गुळगुळीत लागतं. भारतात ते मुख्यतः राजस्थानच्या खाणींतून येतं. खाणीत टाल्कच्या शेजारी ॲस्बेस्टॉस सापडू शकतं आणि त्यावरून अमेरिकेत हजारो दावे चालू आहेत. महाराष्ट्रात वाद वेगळ्याच मुद्द्यावर पेटला. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिकमधून जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने घेतले होते. ते सामूच्या, म्हणजे पीएचच्या, चाचणीत बसले नाहीत म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्याचा या पावडरीचा परवाना रद्द झाला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. नमुने घेतले 2018 च्या अखेरीस, कारवाई झाली 2022 मध्ये; नव्याने तपासलेले नमुने प्रमाणात बसले. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. एवढ्यात कंपनीने जगभर टाल्क सोडून मक्याच्या स्टार्चकडे वळण्याचं जाहीरही करून टाकलं होतं. बाळाच्या पावडरचा नमुना तपासून निर्णय व्हायला चार वर्षं लागावीत, हे पावडर चांगली असो वा वाईट, कुणाच्याच हिताचं नाही.

मोसम नदी नामपूरहून खाली वाहत जाऊन मालेगावला गिरणेला मिळते, आणि मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं शहर. तिथे या कुटुंबातल्या दुसऱ्या भावाची, मॅग्नेशियम क्लोराइडची, आठवण निघायलाच हवी. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. खळ वाळून कडक झाली तर सूत तटातट तुटतं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ते खळीत घातलं की सूत मऊ राहतं. मुंबईच्या गिरण्या हे रसायन जर्मनीहून मागवत. 1914 ला महायुद्ध पेटलं, जर्मन माल बंद झाला आणि कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोड्याला मिठागरातल्या कडू पाण्यापासून ते बनवणं सुरू झालं. मीठ गोळा केल्यावर मागे उरणारं हे दाट पाणी आधी टाकाऊ समजलं जाई. युद्ध संपताच स्वस्त जर्मन माल परत आला आणि जकात लावून देशी धंदा वाचवायचा का, हा प्रश्न 1920 च्या दशकात टॅरिफ बोर्डापुढे गेला.

पावसाळ्यात खडे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तेही याच क्लोराइडचं काम. ते मिठात अशुद्धी म्हणून राहून जातं. याउलट मॅग्नेशियम कार्बोनेट मिठाला मोकळं ठेवतं. अमेरिकेतल्या मॉर्टन कंपनीने 1911 पासून ते मिठात घातलं, आणि आजही पाकिटावर ‘आयएनएस 504’ दिसलं तर ते हेच. धातू तोच, पण एका क्षाराने मीठ पाझरतं आणि दुसऱ्याने भुरभुरीत राहतं.

हल्ली औषधाच्या दुकानांत मॅग्नेशियमच्या गोळ्यांची भर पडली आहे. झोपेसाठी ग्लायसिनेट, पोटासाठी सायट्रेट, सगळ्यांत स्वस्त म्हणून ऑक्साइड. ऑक्साइडमध्ये वजनाच्या 60 टक्के मॅग्नेशियम असतं, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. सायट्रेटमध्ये धातू कमी, शोषण बरं. लेबलवरचा आकडा क्षाराचा आहे की शुद्ध मॅग्नेशियमचा, हे पाहिल्याशिवाय दोन डब्यांची तुलनाच होत नाही. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या नामपूरकराला गोळीची गरज मुंबईच्या भातखाऊपेक्षा नक्कीच कमी. पोटॅशमुळे पान पिवळं पडलेल्या वेलीची गोष्ट वेगळी, तिला भाकरी खाता येत नाही.

आणि ज्यांची मूत्रपिंडं नीट चालत नाहीत त्यांनी गोळीच काय, आम्लपित्ताची मॅग्नेशियमवाली बाटलीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याखेरीज घ्यायची नसते. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर ती बाटली आणि प्रतिजैविकाची ही गोळी यांच्यात काही तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात, कारण पोटात मॅग्नेशियम त्या प्रतिजैविकाला धरून बसतं आणि गोळी गिळूनही रक्तात पोचत नाही.